एकतीस नंबरच्या घराचा निकाल

मी, सुल्मा रेनी एचेवेरी, वय सत्त्याहत्तर, लोकरीच्या गिरणीतून निवृत्त, राहणार कोविलादेरा सहकारी गृहनिर्माण संस्था, ला तेहा, मोन्तेविदेओ, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे शाबूत नाहीत, पण कायद्याला गुडघ्यांशी कर्तव्य नाही असं नोटरी बाई मिर्ता बोनिल्या सांगतात. माझ्यावर कोणाचा दबाव नाही, मी कोणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही आणि मी प्यायलेली नाही. रागावलेली मात्र आहे. रागाच्या भरात केलेलं मृत्युपत्र चालतं का, हे मी बाईंना आधीच विचारून घेतलं. त्या म्हणाल्या, "राग चालतो, भ्रम चालत नाही." मग हरकत नाही. माझे सगळे भ्रम यंदाच्या सप्टेंबरच्या एकोणतीस तारखेनंतर फिटले आहेत.

याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. केलं असतं तर त्यात एकच ओळ असती, की जे काही आहे ते माझा एकुलता एक मुलगा विल्मार याला द्यावं. ती ओळ मी कधी कागदावर लिहिली नव्हती, पण मनात होती. ती मी आज रद्द करते.

कलम १. घराबद्दल.

वाचणाऱ्यांचं लक्ष आधी इथेच जाणार, म्हणून आधी हेच. एकतीस नंबरचं घर मी कोणालाही देत नाही, कारण ते माझं नाही. जमीन, भिंती, छपरं, सांडपाण्याचे पाइप, सगळं बेचाळीस कुटुंबांच्या संस्थेचं आहे. मला तिथे राहण्याचा हक्क होता. विकण्याचा नव्हता, भाड्याने देण्याचा नव्हता, आणि मी तो कधी मागितलाही नाही. राहण्याच्या हक्काचं काय केलं ते शेवटच्या कलमात आहे. विल्मार, पानं उलटू नकोस, बाई क्रमाने वाचतील.

बांधकाम चालू होतं तेव्हा नियम असा होता: प्रत्येक कुटुंबाने आठवड्याला एकवीस तास काम करायचं, आणि आपण बांधतो आहोत ते घर कोणाच्या वाट्याला जाणार हे कोणालाच माहीत नसायचं. शेवटची खिडकी बसेपर्यंत घरांना नुसते नंबर होते. मग एका रविवारी एका घमेल्यात बेचाळीस चिठ्ठ्या टाकल्या आणि प्रत्येकाने एक उचलली. हे असं का, ते ज्याने एकदा तरी भिंत बांधली आहे त्याला सांगावं लागत नाही. स्वतःचं न्हाणीघर माणूस जीव ओतून बांधतो आणि दुसऱ्याच्या न्हाणीघरात वाळू जास्त घालतो. कोणाचं कुठलं हेच माहीत नसलं की सगळी न्हाणीघरं नीट होतात.

मला एकतीस नंबर आला. मी काम केलं होतं पहिल्या रांगेत, एक ते बारावर. एकतीसच्या एकाही विटेला माझा हात लागलेला नव्हता. ज्या छपराखाली मी एकावन्न वर्षं झोपले ते नाईर कोरेआ आणि तिच्या टोळीने घातलं होतं, आणि त्या टोळीतली नाईर सोडून सगळी आता गेली. मी "माझं घर" म्हणते ती तोंडाची सवय आहे. विल्मारने ती खरी मानली, ही चूक त्याची.

कलम २. नवऱ्याबद्दल.

माझा नवरा नेल्सन जिवंत असल्यास त्याला काहीही देऊ नये. १९७२ च्या ऑगस्टमध्ये तो तीन महिन्यांच्या कामासाठी नदीपलीकडे बुएनोस आयरेसला गेला. तेव्हा विल्मार दहा महिन्यांचा होता आणि भिंती कंबरेपर्यंत आल्या होत्या. ते तीन महिने अजून संपलेले नाहीत. त्याचा चांगला कोट मी एकोणऐंशी साली फाडून त्याची फडकी केली. फार छान पुसायचं ते कापड.

हे सांगायचं कारण वेगळं आहे. नेल्सन गेल्यावर एकवीस तास माझ्या एकटीवर आले. गिरणीतली पाळी करून, पोर पाठीशी बांधून मी चौदा तास भरत होते. त्याहून जास्त होत नव्हतं. तीन आठवडे असे गेल्यावर सभेत हेबर्ट तास्सानो उठला. तासांची वही त्याच्याकडे असायची.

"एचेवेरी कुटुंबाचे एकवीस तास पूर्ण होत नाहीत," तो म्हणाला. "नियम सगळ्यांना एक. तास भरत नसतील तर जागा पुढच्या कुटुंबाला द्यावी लागेल."

मी खाली मान घालून बसले होते. तेव्हा नाईर उठली. तिच्या हाताला चुना तसाच होता.

"हेबर्ट, नियमात तास कोणाचे लिहिलेत? माणसाचे की कुटुंबाचे?"

"कुटुंबाचे."

"मग लिही. आजपासून सुल्मा आणि तिचं पोर माझ्या कुटुंबात."

"असं कसं लिहू? तुझं कुटुंब वेगळं, नंबर वेगळा."

"तू लिहिणारा. कसं लिहायचं ते तू बघ."

मागून आणखी एक बाई म्हणाली, माझ्याही कुटुंबात. मग आणखी एक. अकरा बायका झाल्या. हेबर्टने पेन्सिल कानामागे ठेवली आणि म्हणाला, असा नियम नाही, पण याच्याविरुद्धही नियम नाही. माझे उरलेले तास त्या अकरा जणींनी दहा महिने भरले. म्हणजे विल्मार, ज्या घराला तू तुझा वारसा म्हणतोस त्याची किंमत अकरा परक्या बायकांनी त्यांच्या पाठीने भरली आहे. त्यातल्या एकीचंही नाव तुला सांगता येणार नाही.

कलम ३. हेबर्ट तास्सानोबद्दल.

कायद्याप्रमाणे साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही. मी हेबर्टला साक्षीदार केलं आहे. कारण तुम्हीच ओळखा.

बायकांनी माल कालवावा, विटा वाहाव्यात, पण रचू नयेत असं त्याचं मत होतं. तरी मी रचायला लागले. सात नंबरच्या स्वयंपाकघराची भिंत मी एकटीने छातीपर्यंत नेली. त्याने ओळंबा लावला, म्हणाला एक बोट बाहेर आहे, आणि पायाने ढकलून पाडली. ओला माल होता, पडायला वेळ लागला नाही. सगळ्या माणसांसमोर. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा रचली. डोक्यात इतका संताप होता की ओळंब्याकडे बघितलंही नाही. ती दोन बोटं बाहेर गेली, आणि त्या दिवशी हेबर्ट तापाने घरी होता म्हणून कोणी तपासली नाही. पुढे चिठ्ठ्या निघाल्या तेव्हा सात नंबर हेबर्टलाच आला. एकावन्न वर्षं त्याचं कपाट भिंतीला टेकत नाही. मला याचं वाईट वाटत नाही. मी प्रामाणिकपणे लिहायचं ठरवलं आहे म्हणून लिहिते.

आता जे झालं ते. यंदाच्या एकोणतीस सप्टेंबरला रविवार होता. दर महिन्याच्या एकोणतीस तारखेला आमच्याकडे न्योकी, म्हणजे बटाट्याचे उकडलेले गोळे, करतात आणि ताटाखाली एक नोट ठेवतात, महिनाभर हातात पैसा राहावा म्हणून. विल्मार जेवायला आला. त्याला त्रेपन्नावं लागलं तरी मी त्याच्या ताटाखाली नोट ठेवते. जेवण अर्ध्यावर आलं असताना त्याने पिशवीतून कागद काढले.

"आई, डोळ्याच्या ऑपरेशनचे कागद. दवाखान्यात द्यायचेत. इथे, इथे आणि इथे सही कर."

"तीन सह्या? एका डोळ्याचं ऑपरेशन आहे ना?"

"सरकारी काम, आई. तू कर सही. न्योकी गार होतायत."

चष्मा आतल्या खोलीत होता. मी त्याच्यावर विश्वास ठेवून तीन ठिकाणी सही केली. त्याने कागद घातले पिशवीत, कॉफी घेतली, माझ्या कपाळाचा मुका घेतला आणि निघाला. जाताना ताटाखालची नोटही घेऊन गेला.

आठ दिवसांनी हेबर्ट माझ्या दाराशी आला. वीस वर्षांत तो माझ्या दाराशी आला नव्हता. वय ब्याऐंशी, समितीची वही अजून त्याच्याकडेच, काठी घेऊन. आत ये म्हटलं तर आला नाही, उंबऱ्यावरच उभा राहिला.

"एचेवेरी, हे तू केलंस?"

"काय केलं?"

"संस्थेची जमीन तोडून ज्याचं घर त्याच्या नावावर करायचा अर्ज आलाय. अठ्ठावीस सह्या झाल्या की सभेपुढे जातो. सत्तावीस होत्या. अठ्ठाविसावी तुझी आहे. आणि जोडीला मुखत्यारपत्र, की सभेत तुझं मत तुझा मुलगा देणार."

मी म्हटलं, "ती सही डोळ्याच्या कागदांवर केली होती."

"ते मला कळलं," हेबर्ट म्हणाला. "तू माझ्यावर रागावून भिंत वाकडी बांधशील, पण अशी सही करणार नाहीस."

"तुला माहीत होतं?"

"दोन बोटं बाहेर आहे. मी रोज बघतो."

"मग पाडायची होतीस."

"एकदा पाडली होती. त्यावर तू काय केलंस?" एवढं बोलून तो काठी टेकत गेला. आयुष्यभर ज्याच्या नियमांचा मला जाच झाला, त्या माणसाने प्रत्येक सही दारी जाऊन तपासायच्या नियमानेच मला वाचवलं. याबद्दल मी त्याला काही देत नाही, पण इथे लिहिते.

कलम ४. मुलाबद्दल. (हे कलम गाळावं असं नोटरी बाईंचं मत होतं. गाळत नाही.)

मी त्याच संध्याकाळी विल्मारला फोन केला. तो नव्या उंच इमारतींमधल्या जागा विकून देण्याचं काम करतो. घडलं ते तो नाकारेल असं मला वाटलं होतं. त्याने नाकारलं नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

"फसवलं काय, आई? तुझ्या भल्याचंच आहे. पन्नास वर्षं राबलीस आणि तुझ्या नावावर एक वीट नाही."

"तुझ्या नावावर किती आहेत?"

"हाच तर मुद्दा आहे! तुझ्यामागे मला काय मिळणार? तुला कळतंय का ती जागा केवढ्याची आहे? वरच्या रांगेतून अख्खी खाडी दिसते. तिथे काय उभं राहू शकतं याची तुला कल्पना नाही."

"कल्पना आहे. बेचाळीस घरं उभी आहेत."

"आई, जग बदललंय. तू त्या सभांमध्ये आणि तासांच्या वह्यांमध्ये अडकून पडलीस."

त्या सभांमधून तू वाढलास, विल्मार. संस्थेच्या बालवाडीत तुला सांभाळलं, नाहीतर गिरणीत जाताना मी तुला कुठे टाकलं असतं? शाळेची पुस्तकं तू संस्थेच्या वाचनालयातून आणलीस. लष्कराच्या राज्यात सरकारने हेच करायचं ठरवलं होतं, आमची जमीन तोडून तुकडे करायचं. तेव्हा फेब्रुवारीतल्या एका रविवारी आम्ही दारोदार जाऊन त्याविरुद्ध सह्या गोळा केल्या. तू बारा वर्षांचा होतास, घसा बसेपर्यंत ओरडत माझ्याबरोबर फिरलास आणि घरी येऊन विचारलंस, "आई, आपण जिंकलो ना?" जे त्या गणवेशवाल्यांना जमलं नाही ते तू न्योकीच्या ताटावर करून घेतलंस. परक्याने केलं असतं तर मी त्याला चपलेने मारलं असतं. तुला मारताही येत नाही आणि माफही करता येत नाही, म्हणून हा कागद लिहिते.

ज्या सत्तावीस जणांनी डोळे उघडे ठेवून सह्या केल्या त्यांच्याबद्दलही लिहिणार होते. त्यातल्या निम्म्यांना मी "बांधकामाच्या वेळी तुझी आई काय करत होती?" एवढंच विचारते. उत्तर त्यांना माहीत आहे.

कलम ५. वस्तूंबद्दल.

शिवणयंत्र नाईर कोरेआला. तिच्याजवळचं आधीपासून चांगलं आहे, पण माझंही घ्यावं आणि विकू नये. दोन लोकरीच्या रजया वाचनालयात थंडीत बसणाऱ्या म्हाताऱ्यांना.

माते नावाचा कडू पाल्याचा चहा प्यायचा भोपळा आणि नळी संस्थेच्या सभागृहात ठेवावी. सभेत सगळ्यांनी त्यातून आळीपाळीने प्यावं. हेबर्टनेही प्यावं, पण त्याने पाणी फार कढत ओतू नये, पाला जळतो हे त्याला सांगून सांगून मी थकले.

थापी, ओळंबा, पाणसळ आणि वाळूची चाळण यामिला तेचेरा हिला. ती कोण ते पुढे येईल. थापीची मूठ माझ्या हाताप्रमाणे झिजली आहे. तिला आधी अवघडेल, मग बसेल. अट एकच: तिच्या दोन्ही मुलींना भिंत रचायला शिकवावी आणि पहिली भिंत कोणी पाडली तर ओळंबा लावूनच दुसरी बांधावी.

कलम ६. सभासदत्वाच्या रकमेबद्दल.

संस्था मला परत करेल त्या रकमेतला अर्धा हिस्सा कायद्याने मुलाचा आहे आणि तो मला नाकारता येत नाही. बाईंनी हे मला तीनदा सांगितलं. ठीक आहे, अर्धा विल्मारला. उरलेला अर्धा, ज्या कुटुंबाकडे आत येताना भरायला काही नसेल त्याच्यासाठी संस्थेकडे ठेवावा.

कलम ७. राहण्याच्या हक्काबद्दल आणि या कागदाच्या वाचनाबद्दल.

मुखत्यारपत्र मी आता रद्द केलं आहे. पण नुसतं तेवढं करून भागत नव्हतं. मी सभासद असताना मेले असते तर वारस म्हणून विल्मारला माझ्या जागी यायचा दावा करता आला असता. तो आला की त्याचं मत आलं, आणि अर्जाच्या बाजूचं अठ्ठाविसावं मत झालं. माझ्या मरणाने त्या बेचाळीस घरांचं वाटोळं झालं असतं. हे डोक्यात आल्यापासून मला झोप लागली नाही.

म्हणून गेल्या सोमवारी मी संस्थेचा राजीनामा दिला. मंगळवारी समितीने तो स्वीकारला. हेबर्टने तो दोनदा वाचला आणि म्हणाला, "एचेवेरी, हे परत घेता येत नाही." मी म्हटलं, "म्हणूनच देते." काल बुधवारी यामिला तेचेरा तिच्या दोन मुलींना घेऊन एकतीसमध्ये राहायला आली. ती बसच्या आगारात गाड्या धुते आणि तीन वर्षं प्रतीक्षायादीत होती. शनिवारी तो अर्ज सभेपुढे येईल तेव्हा एकतीस नंबरचं मत ती देईल. कोणत्या बाजूने द्यायचं ते मी तिला सांगितलेलं नाही. ती पत्र्याच्या खोलीतून आली आहे, तिला सांगावं लागणार नाही.

चाव्या तिच्या हातात देताना मी रडले, हे लपवत नाही. मी तिथे पोर वाढवलं. कुठली फरशी हलते, कुठली खिडकी वाऱ्यात वाजते, सगळं मला डोळे मिटून सांगता येतं. सत्त्याहत्तराव्या वर्षी पिशव्या भरून बाहेर पडायला लावलंस तू मला, विल्मार. आता मी नाईरच्या घरात, एकोणीस नंबरात, मागच्या खोलीत राहते. नाईरने समितीला लिहून दिलं आहे की सुल्मा तिच्या कुटुंबातली आहे. हेबर्टने या वेळी काही विचारलं नाही, नुसतं लिहिलं.

मृत्युपत्र माणूस मेल्यावर वाचायचा रिवाज मला मान्य नाही. मी तीन वाचनं पाहिली आहेत. मेलेल्याला उत्तर देता येत नाही आणि जिवंत माणसं कागदावर तोंडसुख घेतात. म्हणून हे मृत्युपत्र आज सायंकाळी सहा वाजता, नाईरच्या स्वयंपाकघरात, मी समोर बसलेली असताना नोटरी बाईंनी मोठ्याने वाचावं. विल्मारला निरोप गेला आहे. आला नाही तर एक प्रत त्याच्या घरी पोचवावी. मिळाल्याची सही त्याने करावी, आणि या घरात सह्या कशा होतात ते त्याला माहीत आहे, तेव्हा कागद आधी पूर्ण वाचावा.

विल्मार, शेवटचं. तू माझ्या मरणाची वाट बघत होतास. मोठ्याने म्हणाला नसशील, पण बघत होतास, आणि हे मला आई असून लिहावं लागतं. आता वाट बघायचं कारण उरलं नाही. घर गेलं, मत गेलं, अर्धी रक्कम कायदा तुला आपोआप देईल, त्यासाठी माझ्याशी गोड बोलायची गरज नाही. आता माझ्याकडून मिळण्यासारखं काही नाही. यापुढे तू या दारात आलास तर नुसता मला भेटायला आलास, हे मला पक्कं कळेल. गेल्या कितीतरी वर्षांत ते मला कधीच कळलं नव्हतं. एकोणीस नंबर, डावीकडचं दार. मी अजून रागावलेली आहे आणि तशीच भेटेन. पण ये.

वरील सर्व मी स्वतः सांगून लिहून घेतलं, या वेळी चष्मा लावून वाचलं आणि मग सही केली.

मोन्तेविदेओ, गुरुवार, १४ नोव्हेंबर २०२४

(सही) सुल्मा रेनी एचेवेरी

साक्षीदार:
(सही) हेबर्ट तास्सानो, घर नंबर ७
(सही) एल्दा रोसेल, संस्थेच्या वाचनालयाच्या प्रमुख

माझ्यासमोर: मिर्ता बोनिल्या, नोटरी

वाचनाची नोंद: सायंकाळी सहा वाजता श्री. विल्मार आलेले नव्हते. मृत्युपत्रकर्तीने थांबायला सांगितले. सहा चाळीसला ते आले. संपूर्ण वाचन त्यांनी उभे राहून ऐकले आणि प्रत मिळाल्याची सही केली. त्यानंतर मृत्युपत्रकर्तीने त्यांना बसायला सांगितले, आणि ते बसले. मि. बो.